हावड्याचं तिकीट वरच्या खणात

पुठ्ठ्याच्या तिकिटांचा जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना बुकिंग ऑफिसातलं ते लाकडी कपाट आठवत असेल. भिंतीला टेकून उभं, अरुंद खणांच्या ओळी, एकेका खणात एकेका स्टेशनाच्या तिकिटांची चवड. तिकीट ओढायचं, डेटिंग मशीनमध्ये घालायचं, खट्ट, तारीख उमटली, खिडकीतून बाहेर. कोणतं स्टेशन कोणत्या खणात, हे आमच्या नागपूरच्या ऑफिसात वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. १९८१ साली माझा मित्र नोकरीला लागला आणि महिन्याभरात त्याने ते सगळं उलटंपालटं केलं. कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, म्हणजे जिथली तिकिटं दिवसभर जातात ती सगळी खालच्या ओळींत. राजनांदगाव, दुर्ग, रायपूर मधे. आणि हावडा सगळ्यात वर. आमच्या खिडकीवर हावडा मागणारं गिऱ्हाईक दिवसातून एखादं. ते आलं की मित्र "थांबा भाऊ" म्हणायचा, उंच खुर्चीवरून उतरायचा, स्टूल सरकवायचा, वर चढायचा, तिकीट काढायचा. बाहेरच्या माणसाला एवढंच दिसायचं की बाबू एकाएकी गायब झाला आणि जरा वेळाने परत उगवला.

त्याची उंची चार फूट. नाव लिहीत नाही. विचारलं होतं, तर म्हणाला, "लिही ना. पण मग लोक फोटो मागतीन." तेव्हा इथे तो नुसता मित्र.

वडील रेल्वेत होते, ड्युटीवर असतानाच वारले, म्हणून तो अनुकंपा तत्त्वावर लागला. मी त्याच्यानंतर चार महिन्यांनी आलो. माझी उंची सहा फूट. आम्ही दोघं चहाला निघालो की टपरीवाला काही न बोलता हसायचा. आम्हीही हसायचो.

खिडकीत बसलेला असला की तो इतर कोणत्याही बाबूसारखा बाबू होता. चष्मा, घोगरा आवाज, सुट्ट्या पैशांवरून वाद. लोक "साहेब" म्हणायचे, "बाबूजी, जरा लवकर करा ना" म्हणून काकुळतीला यायचे. ड्युटी संपवून तो दरवाजातून बाहेर आला की तीच माणसं त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहायची. एकदा एकाने त्यालाच विचारलं, "खिडकीतले बाबूजी कुठं गेले?" मित्र म्हणाला, "घरी गेले," आणि खरंच घरी निघून गेला.

त्याच्या घरात बाकी सगळे धिप्पाड. आईने जन्मभर ऐकून घेतलं की ग्रहणात हिने काहीतरी चिरलं असेल. पन्नाशीत पाठीच्या दुखण्यापायी तो मोठ्या डॉक्टरकडे गेला तेव्हा या प्रकाराला काही नाव आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं: अकाँड्रोप्लेशिया. एफजीएफआर-३ नावाच्या जनुकात एवढासा बदल होतो आणि हातापायांची लांब हाडं वाढताना मागे पडतात. साधारण पंचवीस हजार जन्मांत एक. आणि अशा पाच मुलांपैकी चौघांचे आईबाप नेहमीच्या उंचीचे असतात, बदल त्या मुलापासूनच सुरू झालेला असतो. हे सगळं त्याने घरी येऊन आईच्या फोटोसमोर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं, असं वहिनी सांगतात.

२०१६ साली दिव्यांगांचा नवा कायदा आला. त्यातल्या २१ प्रकारांत बुटकेपणाही आला, प्रौढपणी उंची ४ फूट १० इंच किंवा त्याहून कमी अशी व्याख्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मित्र म्हणाला, "अठ्ठावन्न इंचांची अट आहे बे. मी दहा इंचांनी पहिला आलो."

तर या माणसाला नाटकाचं वेड होतं.

आमच्यात दरवर्षी कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धा व्हायच्या. मित्राचं पाठांतर असं की दुसऱ्याचे संवादही तोच विंगेतून सांगायचा. आवाज तर शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. त्याला मिळालेल्या भूमिका मला आजही म्हणून दाखवता येतील: विदूषक, यमदूत, राक्षसाचा चेला, पुन्हा विदूषक, जादूगाराची पेटी उघडल्यावर आतून निघणारा माणूस. एका दिग्दर्शकाने, चांगला माणूस होता तो, त्याला तालमीत समजावलं, "तुझं काम सगळ्यात सोपं आहे. तू फक्त एन्ट्री घे. बाकी पब्लिक करते." मित्राने तेव्हा मान हलवली. तालीम संपल्यावर सायकल हातात धरून चालताना मला म्हणाला, "मी दोन पानं पाठ केली ना पण."

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात विदूषक कसा असावा ते सांगितलं आहे, तो श्लोक सुरूच 'वामन' या शब्दाने होतो. मग दंतुर, मग कुबडा, मग टकला. यादी जुनी आहे. आमच्या दिग्दर्शकाने काही ती वाचली नसणार. वाचायची गरजच पडत नाही, ती आपल्या डोळ्यांत आयती बसवलेली असते.

१९८६च्या नाटकात मी हवालदार होतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी हवालदाराने विदूषकाला काखोटीला मारून रंगमंचावरून न्यायचं, पडदा. मित्राने तालमीतच मला बजावलं होतं, "छातीच्या खाली, दोन्ही हातांनी धर. कमरेला धरू नको, लय दुखते." तालमीत मी तसंच धरायचो. प्रयोगाच्या रात्री नाट्यगृह भरलेलं, त्याच्या एन्ट्रीला जो हशा आला तो थांबेना, आणि त्या हशाने मला काय झालं कोण जाणे. मी त्याला एका हाताने कमरेला धरून उचललं आणि पब्लिकला दाखवत, एक पूर्ण फेरी मारून, आत नेलं. टाळ्या. नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं. तो पुढे आठवडाभर रजेवर होता. ऑफिसात सगळे म्हणाले, ताप आला असेल. मीही म्हणालो, ताप आला असेल.

त्यानंतर त्याने नाटकात काम केलं नाही. कारण मी विचारलं नाही.

१९९० साली 'अप्पू राजा' आला. मूळ तमिळ सिनेमा आदल्या वर्षीचा. कमल हासनने त्यात सर्कशीतला बुटका अप्पू केला, पाय गुडघ्यांत दुमडून, गुडघ्यांना खास बनवलेले बूट बांधून. सगळा देश एकच प्रश्न विचारत होता: पाय गेले कुठे? आमच्या ऑफिसात या प्रश्नाचे तज्ज्ञ म्हणून सगळ्यांनी मित्राला धरलं. "तू सांग ना बे, त्यानं पाय कुठं लपवले असतीन?" जणू त्याचेही कुठेतरी लपवलेले होते. खिडकीवरची पोट्टी त्याला वर्षभर 'अप्पू' म्हणत होती. त्याआधी 'टिल्लू' म्हणायची, त्यामानाने बढतीच.

मित्राने तो सिनेमा दोनदा पाहिला. त्याला कमल हासन मनापासून आवडला. "मेहनत पाह्य त्याची," म्हणाला. आणि मग थोड्या वेळाने, "पण शॉट झाल्यावर त्याले उभं राहता येते."

पुढे २००६ साली 'जान-ए-मन'मध्ये अनुपम खेर बुटके झाले, २०१८ साली 'झीरो'मध्ये शाहरुख खानला संगणकाने बुटका केला. हिरो बुटका हवा असेल तर उंच माणूस कापायचा, आणि खरोखरचा बुटका हवा असेल तर तो सर्कशीत. 'झीरो' आला त्याच वर्षी आम्ही निवृत्त झालो. तिकिटं काढायचं मी म्हणालो, तो म्हणाला, राहू दे, थंडी लय आहे.

आमच्या लाइनीवरच, राजनांदगाव जिल्ह्यातले नत्थूदादा. 'मेरा नाम जोकर'मधल्या सर्कशीत ते होते. दारासिंगांनी त्यांना मुंबईला नेलं असं सांगतात. पुढे गावी परतले आणि २०१९च्या डिसेंबरात गेले. पेपरात चार ओळींची बातमी आली तेव्हा मित्राने ती कापून ठेवली. राजनांदगावची तिकिटं आम्ही हजारोंनी विकली असतील. त्यांतलं एखादं त्यांच्या हातात गेलं असेल का, यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. मित्राचं म्हणणं, खिडकीतून दिसले नसते. त्याला दिसले नसते आणि त्यांनाही हा दिसला नसता.

सगळीच रडकथा आहे असं नाही. गयेहून आलेले एम. एम. फारुकी, ज्यांना आपण लिलिपुट म्हणून ओळखतो, 'सागर'मध्ये १९८५ साली दिसले, दूरदर्शनच्या काळात घराघरांत पोचले आणि २०२०च्या 'मिर्झापूर'मध्ये सिवानचे दद्दा त्यागी झाले. बाहुबली, दोन जुळ्या तरण्या पोरांचा बाप. त्यात त्यांच्या उंचीवर विनोद नाही, लोक त्यांना घाबरतात. त्यासाठी पस्तीस वर्षं लागली, हा भाग वेगळा. केरळात अजयकुमार, ज्यांना तिकडे पक्रू म्हणतात, ते २००५ साली 'अद्भुतद्वीप'चे नायक झाले. उंची ७६ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट. मी हे वाचून दाखवल्यावर मित्राच्या रेल्वेच्या डोक्यात लगेच आकडा जुळला, "अरे, हे तर नॅरोगेज!" आमच्या नागभीड लाइनीच्या दोन रुळांमध्ये बरोबर तेवढंच अंतर होतं, ७६२ मिलिमीटर.

आता आमच्या गावाच्या पोरीकडे येतो. ज्योती आमगे. नागपुरात जन्म, १६ डिसेंबर १९९३. आणि २०११ साली, अठराव्या वाढदिवसालाच, गिनीजने तिला जगातली सर्वांत कमी उंचीची हयात स्त्री म्हणून जाहीर केलं, ६२.८ सेंटिमीटर. नागपुरात त्या दिवसापासून प्रत्येकाच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीची ती आहे. करोनाच्या टाळेबंदीत पोलिसांबरोबर उभी राहून तिने लोकांना घरात बसायला सांगितलं. १९ एप्रिल २०२४ला मतदान केलं तेव्हा शाईच्या बोटासह तिचा फोटो देशभर छापून आला. तिला आधीपासून सिनेमातच जायचं होतं, हे तिने अठराव्या वर्षीच पत्रकारांना सांगून टाकलं होतं. पत्रकारांनी ते लिहिलं, पण खाली. वर सेंटिमीटर.

आणि ती खरंच गेली. २०१४ साली 'अमेरिकन हॉरर स्टोरी' या मालिकेच्या 'फ्रीक शो' या पर्वात ती होती, मा पेटीट नावाची भूमिका. गोष्ट १९५२ची, फ्लोरिडातल्या ज्युपिटर गावातली. वेगळ्या शरीरांच्या माणसांचा एक तंबू, तिकीट काढून लोक त्यांना पाहायला येतात. माझ्या मुलाने ती लॅपटॉपवर आणली. गावची पोरगी अमेरिकन मालिकेत, म्हणून मी मित्राला मुद्दाम बोलावून घेतलं. चिवडा, चहा, सगळी तयारी.

ज्योती पडद्यावर आली की आपण दुसरीकडे पाहूच शकत नाही. याचं कारण उंची असं कुणी म्हणेल, पण मी जवळून पाहिलं, तिचा चेहरा क्लोजअपमध्ये उंचीची भानगड विसरायला लावतो. हसते तेव्हा समोरचा नट अभिनय करायचा विसरल्यासारखा वाटतो. मी "वा वा" करत होतो. मित्र काही बोलत नव्हता. पडद्यावर कुणी ना कुणी तिला उचलत होतं. कडेवर घेत, टेबलावर ठेवत, मिठीत घेत.

"बंद कर," तो म्हणाला.

मला वाटलं, इंग्रजी कळत नसेल. मी म्हटलं, खाली अक्षरं येतात ना. तो म्हणाला, "तिले कुठून धरावं, हे विचारलं असन का त्यायनं तिले?"

चिवडा तसाच राहिला. मालिकेत पुढे तिचं काय होतं ते मी एकट्याने पाहिलं. एक पहेलवान तिला जवळ घेतो आणि आवळून मारतो. मग तिचा देह काचेच्या बरणीत, संग्रहालयात. पटकथा म्हणून ते बेतलेलं चांगलं आहे. प्रेक्षकांना त्या तंबूत तिकीट काढून आलेल्यांच्या जागी बसवायचा डाव आहे, हे समजतं. पण मी लॅपटॉप बंद केला आणि मला एकदम १९८६ची ती फेरी आठवली. नुसती आठवली नाही, हाताला आठवली. उजवा हात, त्याची कंबर, धोतराचा सरकलेला सोगा.

दोन दिवसांनी त्याच्या घरी गेलो. वहिनी आत होत्या. मी जे काही पाठ करून गेलो होतो ते अर्धंच बोललो. त्याने ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"एकोणतीस वर्षांनी सांगून राहिला? कंबर तं तेव्हाच बरी झाली." मग आत पाहून, "अवं, दोन कप मांड."

चहा पिताना तो उठून आत गेला आणि पेनड्राइव्ह घेऊन आला. पुण्याला राहणाऱ्या भाचीने दिलेला. "आता मी दाखवतो तो पाह्य," म्हणाला.

तो सिनेमा म्हणजे 'द स्टेशन एजंट', २००३चा. दिग्दर्शक टॉम मॅकार्थी, आणि मुख्य भूमिकेत पीटर डिंकलेज. डिंकलेज न्यू जर्सीचा, जन्म १९६९, आणि त्यालाही हेच, अकाँड्रोप्लेशिया. गोष्ट एवढीशी. फिन नावाचा माणूस खेळण्यातल्या आगगाड्यांच्या दुकानात काम करतो. दुकानाचा म्हातारा मालक मरतो आणि मागे त्याच्या नावे एक बंद पडलेलं छोटं स्टेशन ठेवून जातो, खेड्यात. फिन पेटी उचलून तिथे राहायला जातो. शेजारी एक कॉफीची गाडी लावणारा बडबड्या पोरगा, एक मुलगा गमावलेली बाई. तिघांची हळूहळू ओळख होते. संपलं.

दोन रेल्वेवाल्यांनी तो सिनेमा कसा पाहिला असेल याची कल्पना करा. फिनच्या खिशात साखळीचं घड्याळ आहे. गाडी जाते तेव्हा तो काढून पाहतो. मित्राने त्या जागी दर वेळी सिनेमा थांबवला. "पाह्य, राइट टाइम पाहून राहिला." स्टेशनाची इमारत, सिग्नल, मालगाडीचे डबे, सगळ्यावर टीका-टिप्पणी. नव्वद मिनिटांचा सिनेमा आम्हाला तीन तास पुरला.

दुकानात एक बाई फिनला न विचारता त्याचा फोटो काढते. मित्राने नुसती मान डोलावली, गावातल्या ओळखीच्या माणसाला डोलवावी तशी. एकदा पिऊन झाल्यावर फिन भर बारमध्ये सगळ्यांना ओरडून सांगतो, घ्या, पाहा. तिथेही मित्र काही बोलला नाही.

बोलला तो रुळांवरून चालायच्या प्रसंगाला. फिन फार चालतो त्या सिनेमात. गाडी चालवता येत नाही, म्हणून रुळांवरून चालत सगळीकडे जातो. पुढे ते तिघंही चालतात. ज्याने रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून चालून पाहिलं आहे त्याला माहीत आहे की त्यांच्यातलं अंतर जगातल्या कोणत्याच माणसाच्या पावलाला जमत नाही. एकावर पाय टाकावा तर फार जवळ, एक सोडून टाकावा तर फार लांब.

"इथं सगळेच वाकडे चालून राहिले," मित्र म्हणाला. "लंबू पण."

आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "अख्ख्या पिच्चरमधी त्याले कोणी उचललं नाही, पाहिलं का?"

त्यानंतर वर्षभर आम्ही डिंकलेजच्या मागे लागलो. काही सिनेमे भाचीने पाठवले, काही माझ्या मुलाने. त्याचा पहिला सिनेमा १९९५चा, 'लिव्हिंग इन ऑब्लिव्हियन'. एक फाटका दिग्दर्शक स्वप्नाचं दृश्य चित्रित करतो आहे आणि स्वप्न म्हटल्यावर त्याने एक बुटका बोलावला आहे, टोपी घालून, हातात सफरचंद देऊन नायिकेभोवती फिरायला. बुटका नट शेवटी भडकतो: तुम्हाला कधी स्वप्नात बुटका दिसला आहे का? मी स्वतः बुटका, मलासुद्धा दिसत नाही! आणि सेट सोडून चालता होतो. मित्राने तो तुकडा चार वेळा लावला. चौथ्या वेळी त्याने डिंकलेजबरोबर ओठ हलवले, मराठीत.

डिंकलेजच्या आधीही बुटके नट मोठे झाले होते म्हणा. मायकेल डनला 'शिप ऑफ फूल्स'साठी ऑस्करचं नामांकन होतं, १९६५चा सिनेमा. तो अडतिसाव्या वर्षी गेला. पण डिंकलेजने एक गोष्ट केली, ती कारकुनांना कळण्यासारखी. दाढी लावून, टोकदार बूट घालून करायची परीकथेतल्या बुटक्यांची कामं तो सुरुवातीच्या काळात नाकारत गेला. नाकारायला पोटाची सोय लागते. ती त्याने न्यू यॉर्कमधल्या एका कंपनीत संगणकावर आकडे भरून केली, तेविसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्यापर्यंत, सहा वर्षं. ज्या कॉलेजात शिकला तिथल्या पोरांपुढे २०१२ साली भाषण करताना त्याने हे स्वतः सांगितलं आहे. एकोणतिसाव्या वर्षी ठरवलं, आता जे काम मिळेल, पैसे कितीही असोत, यापुढे नटच.

"सहा वर्षं," मित्र म्हणाला. "माझी पस्तीसच्या वर झाली आकडे भरून."

मग 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका, २०११ ते २०१९, टिरियन लॅनिस्टरची भूमिका आणि त्या एका भूमिकेसाठी चार एमी पुरस्कार. याबद्दल सगळ्या जगाने लिहून ठेवलं आहे, मी काय भर घालणार. आमच्या दोघांच्या लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी. २०१२ला गोल्डन ग्लोब घेताना त्याने इंग्लंडमधल्या एका माणसाचं नाव घेतलं आणि ते शोधून वाचा म्हणाला. तो माणूसही बुटका. पबबाहेर कुणा अनोळखी इसमाने त्याला उचलून आपटलं होतं, गंमत म्हणून. हे मी मित्राला वाचून दाखवत होतो आणि मधेच माझा आवाज बसला. तो म्हणाला, "पुढं वाच." मी म्हटलं, एवढंच आहे. "मंग पाणी पे."

२०१८च्या 'अॅव्हेंजर्स'मध्ये तर डिंकलेज बुटक्यांचा राजा होता, आणि तो राजा तांत्रिक करामतीने राक्षसाएवढा मोठा. मित्राला हे इतकं आवडलं की तो दोन दिवस हसत होता.

त्या हसण्यावरून रामटेक आठवतं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं पॅसेंजरने गेलो होतो. गडावर वाकाटकांच्या काळातली त्रिविक्रमाची मूर्ती आहे, म्हणजे वामन, पण बळीला फसवून झाल्यावरचा, आकाशाएवढा. माझ्या मनात आलं ते मी बोलून दाखवलं: आपल्या कथेतसुद्धा बुटक्याला शेवटी उंच व्हावंच लागतं, नाहीतर त्याला देऊळ नाही. मित्र दम खात पायरीवर बसला होता. मी आणखी शहाणपणा केला. रामटेक म्हणजे कालिदास आलाच, तेव्हा शाळेत पाठ केलेला रघुवंशातला श्लोक म्हटला. उंच माणसाच्याच हाताला लागेल अशा फळासाठी बुटक्याने हात उंचवावेत, तसा मी कीर्तीच्या मागे लागून हसं करून घेणार, असं कालिदास स्वतःबद्दल म्हणतो.

मित्राने विचार केला. "फळ पिकलं का खालीच पडते ना बे. हात कायले वर कराचे?"

आणि संत्रं सोलायला घेतलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी लहानसा सिनेमा करत होती, पंधरा मिनिटांचा, स्वतःच्या पैशांनी. गोष्टीत एक तिकीटबाबू होता. पुठ्ठ्याची तिकिटं कशी होती, कपाट कसं होतं, हे विचारायला ती माझ्याकडे आली. मी तिला मित्राकडे नेलं, कारण कपाट त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ. दोन तास तो बोलत होता. डेटिंग मशीनचा आवाज तोंडाने काढून दाखवला. ती वहीत लिहिता लिहिता थांबली. "काका, तुम्हीच करा ना हे काम."

त्याने पहिला प्रश्न विचारला, "हसाचं कुठं आहे?"

तिला कळलं नाही. "म्हणजे काका, तुम्हाला हसायचं असेल तर हसा. पण तो थकलेला आहे, रात्रपाळी आहे."

"मी नाही. पब्लिक."

"पब्लिक कशाला हसेल?"

तो माझ्याकडे पाहायला लागला. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

शूटिंग नागपूरच्या महाल भागातल्या एका पडक्या वाड्यात झालं. प्लायवूडची खिडकी, प्लायवूडचं कपाट. पटकथेत त्याचं काम एक पान: शेवटचं तिकीट द्यायचं, खिडकी बंद करायची, खुर्चीवरून उतरायचं, पिशवी घ्यायची, दारापर्यंत चालत जायचं. अकरा पावलं, मी मोजली. कॅमेऱ्याचा पोरगा तिपाई खाली-खाली करत होता, तरी त्या मुलीचं समाधान होईना. शेवटी तिने तिपाई काढून टाकायला लावली, दोन विटा मांडल्या, त्यावर कॅमेरा ठेवला आणि स्वतः फरशीवर पालथी पडून पाहू लागली. नवी कोरी जीन्स, वाड्यातली पन्नास वर्षांची धूळ.

पहिला टेक भंगारवाल्याने घालवला. दुसरा वरच्या मजल्यावरच्या कुकरने. तिसऱ्याला मित्र स्वतःच थांबला, पिशवी विसरला होता. चौथ्याला कुत्रं. पाचवा चांगला झाला असं मला वाटलं, तिला वाटलं नाही. सहाव्याला त्याने खिडकी बंद केली, उतरला, पिशवी घेतली, दोन पावलं गेला आणि थांबून मागे, वर, कपाटाच्या सगळ्यात वरच्या ओळीकडे पाहिलं. पटकथेत ते नव्हतं. मग चालत दारापर्यंत गेला. त्याची चाल आहे तशीच, जरा दोन्ही बाजूंना कलणारी, पाठीला बाक. कुणी काही बोललं नाही. ती मुलगी "कट" म्हणायचं विसरली आणि तो दारातून बाहेर, अंगणातून, वाड्याच्या दिंडीपर्यंत गेला. परत बोलावून आणायला मला जावं लागलं.

तरी तिने आणखी दोन टेक घेतले. वापरला सहावाच.

सिनेमा तयार झाल्यावर आम्ही तो मित्राच्या घरी पाहिला, लॅपटॉपवर, त्याच चहाच्या टेबलाशी. त्याचं काम सव्वा मिनिटाचं. तो वर पाहतो तेव्हा मला विचारायचं होतं, हावडा पाहत होता का. संपल्यावर कुणी लगेच बोललं नाही. मग वहिनी म्हणाल्या,

"अवं, शर्ट मागून बाहेर आला होता तुमचा. इतके लोक होते तिथं, कोणी सांगतलं नाही?"

"आँ? कुठं?" मित्र म्हणाला, आणि चष्मा लावून त्याने सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला.